पाच वाती लावा, मग आत या

मी आयुष्यात केलेलं सगळ्यात देखणं काम आज कुणालाही बघता येत नाही. ते ज्या प्लगइनवर चालायचं, ते ब्राउझरवाल्यांनी कायमचं बंद करून टाकलं. तशी बातमी आली तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना रडके मेसेज पाठवले, एका युगाचा अंत वगैरे. मी सातपूरला माझ्या दुकानात होते. खालच्या गाडीवरून एक जास्तीचा वडापाव मागवला आणि सावकाश, चवीनं खाल्ला.

मी वेबसाइट करते. त्याआधी लग्नपत्रिका करायचे. वर गणपती, मध्ये कलश, खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' आणि त्याखाली चार कार्ट्यांची लाडाची नावं. मग एक काळ असा आला की नाशकात सगळ्यांना एकदम वेबसाइट हवी झाली. सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांना हवी, कॅम्पातल्या बेकरीला हवी, दातांच्या एका डॉक्टरांना हवी. कशाला हवी ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण पत्रिकेवरचा कलश हलत नाही आणि वेबसाइटवरचा हलवता येतो, एवढं मला कळलं आणि मी पत्रिका सोडल्या.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही ज्यातून इंटरनेट बघता तो ब्राउझर. त्याला त्या काळी अक्षरं दाखवता यायची, चित्रं दाखवता यायची. नाचणं, उडणं, फिरणं, घंटा वाजवणं हे त्याला जमायचं नाही. त्यासाठी एक जादा तुकडा वेगळा आणून बसवावा लागायचा, त्याला प्लगइन म्हणायचं. म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि तो दारात आला की सांगायचं, या या, फक्त ताट-वाटी तेवढी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन या. गेल्या वर्षीचं ताट असेल तर चालणार नाही, नवीनच लागेल. पाहुणा ताट आणायला गेला की बऱ्याचदा तिकडूनच घरी जायचा. आम्ही मात्र आत बसून रांगोळीला आणखी एक रंग भरत असायचो.

सातपूरच्या तीन वर्कशॉपना मी एकच गिअरची जोडी फिरवून दिली होती, फक्त रंग वेगळे. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तिसरे मालक स्वतः लेथवर उभे राहून वर आलेले. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एकात एक अडकलेली दोन चाकं तुम्ही एकाच बाजूला फिरवलीत. अशी फिरली तर दात तुटून कामगाराच्या डोळ्यात जातील." त्यांची वेबसाइट गिअर बनवण्याबद्दल होती, हे वेगळं सांगायला नको.

देवळाली कॅम्पातल्या बेकरीची तर मी वाटच लावली. त्या साइटवर नानकटाया, खाऱ्या आणि पाव हवेत तरंगायचे आणि प्रत्येकावर एक बटण होतं. 'पत्ता' नानकटाईवर होता. माउस जवळ आला की नानकटाई लाजून बाजूला सरकायची. मला ते फार गोड वाटलं होतं. एका लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी मुलाच्या वाढदिवसाच्या केकसाठी पाच मिनिटं त्या नानकटाईमागे धावल्या आणि शेवटी स्वतः चालत बेकरीत जाऊन मालकाला म्हणाल्या, "तुमचा पत्ता मिळत नाहीये." मालक म्हणाला, "मॅडम, तुम्ही पत्त्यावरच उभ्या आहात."

या सगळ्यात मला वेळेवर शहाणं करायचा प्रयत्न एकाच माणसानं केला, लासलगावच्या आप्पांनी. आप्पा कांद्याचे व्यापारी. त्यांच्यासाठी मी पडदाभर एक लाल कांदा काढला. माउस फिरवला की एक पापुद्रा सुटायचा आणि आत 'आमच्याविषयी' दिसायचं. दुसऱ्या पापुद्र्याखाली 'आमची परंपरा', तिसऱ्याखाली 'आमचे ध्येय', आणि पार गाभ्यात फोन नंबर. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका दमात सगळा कांदा सोलला.

"लय भारी हे, मॅडम. डोळ्यांत पाणी आलं."

मी खूश.

"पण आजचा भाव कुठंय?"

भाव कुठेच नव्हता. प्लगइनच्या आतला आकडा रोज बदलायचा तर मला रोज सगळा कांदा नव्यानं बांधावा लागला असता. तसं मी सांगितल्यावर आप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, "आमच्याकडं ट्रॅक्टर मार्केटात आला का आधी ट्रॉलीवरची ताडपत्री निघती. माल उघडा. व्यापारी हात घालतो, दोन कांदे उचलतो, बोली चालू. झाकल्या मालाकडं कुणी बघत नाय. तुमी तर ताडपत्रीच्या आत ताडपत्री घातली."

मी हसले. मनात म्हटलं, गावचा माणूस आहे, याला डिझाइन काय कळणार. आणि पापुद्र्यांचा रंग थोडा गडद करून दिला. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण पुढच्या प्रकरणाची जी वाटते तिच्या मानानं ही काहीच नाही.

मध्येच एक सांगून टाकते, म्हणजे तरुण मंडळी हसायची थांबतील. प्लगइन गेलं, खोड गेलेली नाही. परवा मी एका दवाखान्याची वेळ बघायला साइट उघडली, तर आधी एक खिडकी आली, मग 'आमचं ॲप घ्या', मग एक हसरी बाहुली 'मी आपली काय मदत करू?' म्हणत बरोबर वेळेवरच येऊन बसली. वेळ तिच्या पदराखाली. मी तिला हलवायला गेले तर ती माझ्याशी गप्पा मारायला लागली. ही बाहुली ज्यानं बसवली त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला बरोबर माहीत आहे.

तर, समई.

नाशकात मुलींचं एक वसतिगृह आहे. नाव सांगत नाही. बारावीनंतर कॉलेजसाठी येणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुली तिथे राहतात. बागलाणातून, पेठहून, सुरगाण्याहून येतात. खोल्या मोजक्या, जेवण बरं, दार संध्याकाळी सातला बंद. कितीतरी घरांत मुलीचं शिक्षण 'नाशकात ठेवायची कुठे' या एका प्रश्नावर थांबतं. तिथे या वसतिगृहातली एक खाट मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर स्थळं बघायला सुरुवात, इतका सरळ मामला असतो.

या संस्थेचे सचिव नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस प्रामाणिक आणि उत्साहानं नुसता उतू जाणारा. त्यांनी ठरवलं की यंदापासून अर्ज फक्त ऑनलाइन घ्यायचे, कागद बंद. मला बोलावलं आणि म्हणाले, "वेबसाइटची सुरुवात दीपप्रज्वलनानं झाली पाहिजे."

"समईचा फोटो लावते ना, नाना."

"फोटो नको. दीपप्रज्वलन! जो येईल त्यानं समई लावायची आणि मग आत यायचं. शिक्षणाचं शुभकार्य आहे. आपल्याकडे दीपप्रज्वलनाशिवाय कोणता कार्यक्रम सुरू होतो, सांगा?"

डोकं ठिकाणावर असलेल्या कुठल्याही बाईनं त्या क्षणी पर्स उचलून घर गाठलं असतं. मी विचारलं, "वाती किती?"

"पाच."

तीन आठवडे मी ती समई घडवत होते. खोटं कशाला बोलू, फार सुंदर झाली होती. पितळेवर ज्योतीचा उजेड पडायचा तो प्रत्येक वातीबरोबर वाढत जायचा. माउसनं काडी धरायची, वातीपाशी न्यायची, वात पेट घ्यायची आणि एक बारीक घंटा वाजायची. पाचवी लागली की समई बाजूला होऊन आतला अर्ज उघडायचा. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण पत्रिका करणाऱ्या बाईच्या हातात इतकं मोठं खेळणं आल्यावर ती थांबते होय? मी त्यात वारा घातला. काडी जोरात नेली तर तिच्या झोतानं आधी लागलेली एखादी वात विझायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. चार-पाच ओळींचं काम होतं. खऱ्या समईसारखं वाटावं म्हणून घातलं आणि घातल्यावर मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

उद्घाटनाला मॉनिटरला हार घातला होता आणि कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं होतं. हाराची फुलं नेमकी तिसऱ्या वातीवर लोंबत होती. प्रमुख पाहुण्यांनी आयुष्यात माउस धरला नव्हता. त्यांनी तो टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखला. नानांनी त्यांचा हात धरून चार वाती लावल्या, पाचवीला हात हिसकला आणि दुसरी विझली. सभागृहात हशा पिकला. फोटोवाल्यांना फोटो घ्यायची पुन्हा संधी मिळाल्यामुळे ते खूश होते. 'अगदी खरी वाटते हो!' असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. पानाच्या तळाशी 'तांत्रिक अडचणीसाठी' म्हणून माझा मोबाइल नंबर टाकला, आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

अर्जाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. सकाळी अकराच्या सुमारास मला फोन आला. एका मुलीचा आवाज, शाळेत बाईंशी बोलावं तसा जपून.

"मॅडम, मी रोहिणी. सटाण्याहून बोलतेय, सायबर कॅफेतून. वसतिगृहाचा फॉर्म भरायचाय, पण समई शांत होतेय."

माझ्यासमोर एक वर्कशॉपवाले बसले होते, त्यांना मी फिरणारा पान्हा दाखवत होते. माझं अर्धं लक्ष पान्ह्यात. शांत होतेय म्हणजे घंटा वाजत नसणार.

"स्पीकर लावलाय का?"

"स्पीकर?"

"स्पीकरची पिन मागे हिरव्या भोकात आहे का ते बघायला सांग तिथल्या माणसाला."

थोड्या वेळानं, "मॅडम, इथे स्पीकरच नाहीये."

"मग शांतच राहणार ना ती! काही बिघडत नाही. आवाजाशिवायही फॉर्म भरता येतो."

"बरं, मॅडम," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि समोरच्या गृहस्थांना ऐटीत म्हणाले, "बघा, लोकांना घंटासुद्धा ऐकायची असते."

सव्वादोनला मी डबा उघडला आणि पुन्हा तिचाच फोन.

"मॅडम, सकाळी तुमचा वेळ घेतला म्हणून सॉरी सांगायला केला. आम्ही घरी चाललोय. फॉर्म नाही भरत."

"का गं? काय झालं?"

"आई नको म्हणतेय. तीनदा शांत झाली. चौथी वात लावायला गेलं की पहिली जाते."

"जाते म्हणजे?"

ती घुटमळली, मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे… विझते."

हातातला घास मी डब्यात परत ठेवला. देवापुढच्या दिव्याला 'विझला' म्हणायचं नाही, 'शांत झाला' म्हणायचं, हे मलाही घरी शिकवलं होतं. लहानपणी एकदा तोंडातून 'विझला' गेलं तेव्हा आईनं डोळे वटारलेले अजून आठवतात. हाच शब्द ही पोर सकाळपासून मला नीट, रीतीनं सांगत होती, आणि मी तिला हिरवं भोक शोधायला लावलं होतं.

मी विचारत गेले तसं एकेक कळत गेलं. आई तिच्याबरोबर सकाळच्या गाडीनं गावाहून सटाण्याला आली होती. पडद्यावर समई दिसल्यावर आईनं चपला कॅफेच्या बाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभी राहिली. पहिल्यांदा वात विझली तेव्हा म्हणाली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा तिनं जोडलेले हात खाली घेतले. तिसऱ्यांदा विझल्यावर तिनं मुलीचा हात माउसवरून उचलला.

"घरात एकटी आईच माझ्या बाजूनं होती, मॅडम," रोहिणी म्हणाली. "बाकी सगळे नकोच म्हणत होते. आता तीच नको म्हणतेय."

"आईला फोन दे."

आई बोलायला लागली. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. "ताई, तीन येळा दिवा शांत व्हई गया. देवले मंजूर नही शे. जबरदस्ती कसाले करानी?"

मी म्हटलं, देवाचा काही संबंध नाही, कॉम्प्युटरचा दोष आहे. ती म्हणाली, हो ताई, आणि ज्या सुरात म्हणाली त्यावरून कळलं की तिला ते पटलेलं नाही. शहरातल्या बायका असंच म्हणणार. मी कॅफेवाल्याला फोनवर घेतलं. त्यानं सांगितलं की कॉम्प्युटर जुना आहे, प्लगइनही जुनंच आहे, नवीन उतरवायला घेतलं तर संध्याकाळ होईल, आणि साडेतीनला लोडशेडिंग आहे.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. माझ्या दुकानातल्या चांगल्या मशीनवर काडी सरकत जायची. तिथल्या मशीनवर तीच काडी अडखळत, उड्या मारत जायची. माझ्या त्या चार-पाच ओळींच्या हिशेबात उडी म्हणजे जोरात नेलेला हात, आणि जोरात हात म्हणजे वारा. मुलगी जीव मुठीत धरून अगदी हळू माउस नेत होती, तरी तिच्या वाती विझत होत्या. कॉम्प्युटर जितका जुना, तितका माझा वारा जोरात सुटायचा.

मी रोहिणीला म्हटलं, "गाडी पकडू नका. मला पाऊण तास दे. आईला चहा पाज, काहीही कर, पण तिला तिथून हलू देऊ नकोस."

समईची मूळ फाइल माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. घरी जाऊन, वारा काढून, परत चढवून साडेतीनच्या आत होणं शक्य नव्हतं. मग मी समईच काढून टाकली, नानांना न विचारता. तिच्या जागी एक पांढरं पान टाकलं. काळी अक्षरं. नाव, गाव, बारावीचे मार्क, पालकांचा फोन, कॉलेज कोणतं, आणि खाली एक बटण, 'अर्ज पाठवा'. ना प्लगइन, ना रंग. भरलेला अर्ज सरळ वसतिगृहाच्या ईमेलवर जाईल आणि एक प्रत माझ्याकडे येईल अशी सोय केली. इतकं कुरूप पान मी आयुष्यात केलं नव्हतं. पस्तीस मिनिटांत झालं. डबा तसाच उघडा होता.

फोन लावला. "आता उघड."

"उघडलं, मॅडम! लगेच उघडलं!"

आणि मागून आईचा आवाज, चांगलाच घाबरलेला: "आते ते दिवाच गया!"

घ्या. मघाशी निदान विझत तरी होता, आता समईसकट नाहीसाच झाला. बाईच्या दृष्टीनं आता देवानं निकालच दिला होता. मी पुन्हा आईला फोन द्यायला सांगितलं. या वेळी कॉम्प्युटरवर ढकलून भागणार नव्हतं.

"ताई, दिवा मी काढला."

"तुमीन?"

"हो. आणि सकाळी विझत होता ना, तोही माझ्यामुळेच. त्यात वारा मी घातला होता."

"वारा?"

"खोटा वारा. दिवाही खोटाच, चित्रातला. दोन्ही मीच काढलेत. तुमच्या मुलीचा हात चुकला नाही आणि देवानं काहीही सांगितलेलं नाही. गळ्याशपथ सांगते."

मग तिनं विचारलं, "मंग तो वारा टाका कसाले?"

कशाला घातला? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नानांनी नाही, प्रमुख पाहुण्यांनी नाही, 'अगदी खरी वाटते' म्हणणाऱ्या दहा जणांनी नाही. साडेतीन वाजत आले होते. शेवटी खरं तेच बोलले.

"चांगलं दिसेल म्हणून."

यावर ती माउली अहिराणीत जे बोलली ते मी इथे देत नाही, दिवाळी अंक घरातली लहान मुलंही वाचतात. पण बोलून झाल्यावर तिचा आवाज मोकळा झाला होता. मुलीला म्हणालेली मला ऐकू आली, "भर माय, भर तो फारम."

लाइट जायच्या आधी दहा मिनिटं अर्ज आला. मी तो तीनदा उघडून वाचला. मार्क उत्तम होते. रोहिणीला खाट मिळाली. जूनमध्ये तिला सोडायला आई नाशकात आली तेव्हा पत्ता काढत माझ्या दुकानाचा जिना चढून वर आली. दारात उभी राहून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मुलीला विचारलं, "हाईच का ती वारावाली?" मग पिशवीतून डाळिंबं काढून टेबलावर ठेवली आणि मी कितीही सांगितलं तरी चपला बाहेर काढूनच आत आली.

पण हे पुढचं. त्याआधी, अर्जाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाना दुकानात येऊन थडकले.

"समई कुठे गेली?"

"काढली."

"काढली? अहो, काही अशुभ घडलं की…" 'विझली' हा पुढचा शब्द त्यांनी गिळला. "अध्यक्षांना काय सांगू? लोकांनी किती प्रेमानं दीपप्रज्वलन केलं आपल्याकडे!"

मी त्यांना रोहिणीची हकीकत सांगितली. माणूस मुळात मास्तर, त्यामुळे ऐकता ऐकता खाली बसला. पण मास्तर असल्यामुळेच हारही मानेना. म्हणाले, एका मुलीचा कॉम्प्युटर जुना होता म्हणून सगळ्यांची समई बंद करायची? किती जणांनी नीट लावली त्याची नोंद असेल ना? ती काढा, मग बोलू.

नोंद होती. अर्धवट लागलेली समई पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता यावी, असं काहीतरी मला करायचं होतं, ते राहून गेलं. पण त्यासाठी प्रत्येक वात लागली की सर्व्हरवर एक ओळ लिहिली जाईल अशी सोय मी केली होती. ती यादी मी कधी उघडली नव्हती. नानांचं तोंड बंद करायला म्हणून उघडली आणि दोघं खुर्च्या ओढून वाचायला बसलो.

एक वात. दोन वाती. तीन. मग काही नाही. तोच कॉम्प्युटर पुन्हा अर्ध्या तासानं: एक, दोन, आणि बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच: एक, दोन, तीन, चार. चारवर बंद. मग तो परत कधीच आलेला नाही. खाली दुसरा, तसाच. त्याच्याखाली आणखी एक, त्यानं तर पहिलीच वात सात वेळा लावली होती. मी यादी खाली सरकवत होते आणि नाना चष्मा पुसत होते. पान संपेना. समई लावून आत आलेले लोक मोजायला आम्ही बसलो होतो, आणि दिसत होते ते दारातून परत गेलेले. त्यांच्यापैकी कुणी मला फोन केला नव्हता. एकीनं केला, आणि दुसऱ्यांदा केला तोही माझा वेळ घेतला म्हणून माफी मागायला.

नानांनी त्याच दिवशी मुदत आठ दिवसांनी वाढवली. सगळ्या तालुक्यांतल्या शाळांना स्वतः फोन केले, आणि समईचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या आठ दिवसांत पांढऱ्या पानावरून बरेच अर्ज आले. मी प्रत्येक अर्ज त्या यादीशी लावून बघायचे, ही तीच का, चार वातींवर थांबलेली? ते मला आजपर्यंत कळलेलं नाही आणि कळायला मार्गही नाही. त्या यादीत एकाही मुलीचं नाव नव्हतं, कारण नाव विचारायच्या आधी मी त्यांना समई लावायला सांगितलं होतं.